पिंपातले एकोणीस नाग

(संतपूर येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



संयोजकांनी मला विषय दिला तो ‘औषध संशोधन आणि खेड्याचं आरोग्य’. एवढ्या मोठ्या विषयावर बोलायला मी शास्त्रज्ञ नाही. सीमाभागातल्या सरकारी दवाखान्यांत औषधांच्या खिडकीमागे उभं राहून मी नोकरी संपवली. कागद हातात घ्यायचा, गोळ्या मोजून द्यायच्या, ‘जेवणानंतर’ असं मराठीत, कन्नडात आणि दखनीत सांगायचं, हे माझं काम. तेव्हा त्या खिडकीतून जेवढं दिसलं तेवढंच सांगतो.

आधी एक करा. डाव्या हाताची बाही जरा वर घ्या. दंडावर बोटाच्या पेराएवढी एक खळगी असेल. पुढे बसलेल्या पोरांना ती नक्की असेल, आजोबांना नसेलही. ती बीसीजीची खूण, क्षयाच्या लशीची. बी म्हणजे बॅसिलस, जंतू. जी म्हणजे गेरँ आणि सी म्हणजे काल्मेत. हे दोघे फ्रेंच शास्त्रज्ञ. त्यांची लस १९२१ साली पहिल्यांदा बाळाला दिली गेली. त्यातल्या काल्मेतची गोष्ट मला सांगायची आहे, पण क्षयाची नव्हे. त्या लशीच्या तीस वर्षं आधी हा माणूस सापांच्या मागे होता, आणि तेही व्हिएतनाममध्ये.

१८९१ साल. व्हिएतनाम तेव्हा फ्रेंचांच्या ताब्यात होता. पाश्चर यांच्या सांगण्यावरून अठ्ठावीस वर्षांचा अल्बेर काल्मेत सायगॉनला, म्हणजे आजच्या हो ची मिन्ह शहरात आला आणि त्यानं तिथे पाश्चर संस्था काढली. काम ठरलेलं होतं: देवीची आणि पिसाळलेल्या कुत्र्यावरची लस तिथल्या तिथे तयार करायची. त्याच वर्षी ऑक्टोबरात मेकाँगच्या मुखाकडच्या बाक लियू भागात पूर आला. पाणी चढलं तसे नाग झोपड्यांत शिरले. चार माणसं गेली, सरासरी अर्ध्या तासात. गावातल्या एका गारुड्यानं एकोणीस नाग जिवंत धरले आणि पिंपात कोंडले. तिथल्या फ्रेंच अधिकाऱ्याला सुचलं, सायगॉनला नवी संस्था निघालीय, तिकडे पाठवून देऊ. पिंप गेलं.

विचार करा, आपल्याकडे मांजरा नदीला पूर आला आणि एकोणीस नाग सापडले तर त्यांचं काय होईल? काठीनं मारतील, नाहीतर हळदकुंकू लावून लांब सोडून येतील. पिंपात भरून प्रयोगशाळेला पाठवणारा अधिकारी मला तरी माझ्या नोकरीत भेटला नाही. मी स्वतःही तसलं काही केलं नाही, हेही सांगून टाकतो.

त्या पिंपातून सापाचं इंजेक्शन निघालं. एका दिवसात नव्हे. काल्मेतनं जनावरांना नागाचं विष अगदी थोडं थोडं, वाढवत वाढवत दिलं. जनावराचं अंग त्या विषाला तोंड द्यायला शिकलं. मग त्याचं रक्त काढून गोठू दिलं, वर जे पिवळसर पाणी सुटतं ते घेतलं. ते दुसऱ्या जनावराला टोचलं तर त्याला विष बाधेना. १८९४ साली त्यानं हे जाहीर केलं. त्याच सुमारास पॅरिसमध्ये फिझालिक्स आणि बर्त्रां या दोघांनीही स्वतंत्रपणे तेच सिद्ध केलं होतं, त्यामुळे पहिलं कोण हा वाद झाला. आपल्याला त्याचं काही नाही. पुढे फ्रान्समध्ये लील शहरात काल्मेतनं घोड्यांवर हे काम वाढवलं. आजही पद्धत तीच आहे. परळच्या हाफकिन संस्थेतून निघालेल्या हाफकिन महामंडळाचे घोडे पुण्याजवळ पिंपरीला आहेत, आणि त्यांच्या रक्तातून निघालेली बाटली आपल्या सरकारी दवाखान्यांतल्या कपाटांपर्यंत येते.

काल्मेतची चूकही मला त्याच्या शोधाएवढीच महत्त्वाची वाटते. त्याला वाटलं, सापाचं विष इथूनतिथून एकच, तेव्हा नागाच्या विषावर चालणारं औषध सगळ्या सापांवर चालेल. बाटल्या जगभर गेल्या, हिंदुस्थानातही आल्या. इथे त्यांची गाठ घोणशीशी पडली. इंग्रजांच्या वैद्यकीय नोकरीत इथे असलेले जॉर्ज लॅम्ब यांनी तपासून दाखवलं की काल्मेतचं औषध घोणशीपुढे काही कामाचं नाही. चार्ल्स मार्टिन यांनी ऑस्ट्रेलियात तिथल्या सापांवर तेच दाखवलं होतं, आणि ब्राझीलमध्ये व्हितल ब्राझील नावाच्या डॉक्टरांनी त्यांच्याकडच्या सापांवर. काल्मेतला हे बराच काळ पटलं नाही. सायगॉनच्या नागावर चालणारं औषध बीदरच्या परडावर चालत नाही, हेच त्याला ऐकायचं नव्हतं.

परड म्हणालो, कारण आपल्याकडे घोणशीला परडच म्हणतात. कन्नडात कोळकुमंडल. अंगावर साखळीसारखे तपकिरी गोल, आणि कुकरची शिटी दाबून धरावी तसा फुत्कार. ‘अजगराचं पिल्लू आहे’ म्हणून तिला हात घालणारे लोक मी दवाखान्यात पाहिले आहेत. अजगर समजून घोणस धरू नका, यासाठी मी लागेल तेवढ्या वेळा तोंड वाजवीन.

व्हिएतनाम आणि आपला भाग यांच्यातला औषधांचा रस्ता नुसत्या सापांपुरता नव्हता. १८९४ साली हाँगकाँगला प्लेगचा जंतू शोधणारा अलेक्सांद्र येरसॅं व्हिएतनाममध्ये न्या त्रांग या समुद्रकाठच्या गावी राहायचा. तिथे त्यानं घोड्यांपासून प्लेगवरचं रक्तजल, म्हणजे तसंच पिवळसर पाणी, केलं आणि १८९६ साली मुंबईत प्लेग भडकल्यावर १८९७ साली ते घेऊन आला. त्याच मुंबईत हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. येरसॅंचं रक्तजल मुंबईत फारसं चाललं नाही. त्याच्या जागी पॉल-लुई सिमाँ आला. त्यानं १८९८ साली कराचीत दाखवून दिलं की प्लेग उंदरावरच्या पिसवेतून माणसाला येतो. लोकांनी त्याला हसून घेतलं. मग तो सायगॉनच्या पाश्चर संस्थेचा प्रमुख म्हणून गेला, म्हणजे काल्मेतच्याच खुर्चीवर. १९०५ साली मुंबईत प्लेगचा मोठा आयोग बसला आणि त्यानं सिमाँचं म्हणणं खरं ठरवलं. त्या आयोगाचा प्रमुख होता तोच चार्ल्स मार्टिन, ज्यानं सापांच्या बाबतीत काल्मेतला खोटं पाडलं होतं. या सगळ्यांत मला सिमाँच जवळचा वाटतो. मेलेला उंदीर हातात घेऊन त्याच्या अंगावरच्या पिसवा गोळा करणारा माणूस.

आता खिडकीकडे येतो.

हे खोकं बघा. रिकामं आहे, मुद्दाम आणलंय. सापाच्या इंजेक्शनचं. बाटलीत औषध पातळ नसतं, पांढरी भुकटी असते. गोठवून वाळवलेली, म्हणून फ्रिज नसला तरी टिकते. तिच्यात दहा मिली पाणी घालायचं आणि बाटली दोन तळहातांत हलक्या हातानं फिरवायची. खडखडवली की फेस येतो आणि ताटकळत बसावं लागतं. आता या खोक्यावर चार आकडे छापलेत: ०.६, ०.४५, ०.६, ०.४५. एक मिली औषध नागाचं ०.६ मिलीग्रॅम विष मारतं, मण्यारीचं ०.४५, घोणशीचं ०.६ आणि फुरशाचं ०.४५. भारतात माणसं मारणारे मुख्य साप हे चार, म्हणून औषधही चौघांवर मिळून एकच.

घोणस एका दंशात सरासरी साठ-त्रेसष्ट मिलीग्रॅम विष सोडते. एका बाटलीत दहा मिली, म्हणजे सहा मिलीग्रॅमचा बंदोबस्त. तर सुरुवातीलाच दहा बाटल्या लागतात. दवाखान्यात दोन बाटल्या असणं म्हणजे नसल्यातच जमा, हे मी किती मोठ्या साहेबांना लिहून दिलं असेल. आणि एक गोष्ट आईबापांना पटतच नाही: पाच वर्षांच्या पोरालाही मोठ्या माणसाएवढ्याच बाटल्या. ताप आला की अर्धी गोळी, हा हिशेब इथे लागत नाही. साप माणसाचं वय बघून विष कमी सोडत नाही.

पण बाटल्या फोडायच्या कधी? सगळेच दंश विषारी नसतात, आणि हे औषध घोड्याचं, काहींच्या अंगाला ते सोसत नाही. त्यासाठी एक साधी तपासणी आहे. रोग्याचं दोन मिली रक्त कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं, नळी उभी करून ठेवायची आणि वीस मिनिटं हात लावायचा नाही. वीस मिनिटांनी हळूच आडवी करायची. रक्त दह्यासारखं बसलं असेल तर घोणशीच्या आणि फुरशाच्या विषानं अजून रक्त बिघडवलेलं नाही. पाण्यासारखं वाहिलं तर औषध ताबडतोब. नळी काचेचीच हवी, कारण काचेला लागून रक्त गोठतं. प्लॅस्टिकमध्ये गोठत नाही, आणि मग साप नसला तरी साप दिसतो.

हे मला पुस्तकातून कळलं असतं तर बरं झालं असतं. एका दवाखान्यात, नाव घेत नाही, पावसाळ्यातल्या एका रात्री सोयाबीनच्या शेतातून एकाला आणलं. पायाला दोन ठिपके. नव्या डॉक्टरबाईंनी नळी मागितली. कपाटात एकच होती, आणि ती मीच त्या संध्याकाळी साबणाच्या पावडरीनं घासून चकचकीत करून ठेवली होती. वीस मिनिटांनी रक्त वाहिलं. दहा बाटल्या दिल्या. सकाळी घरच्यांनी मारलेला साप आणला, तर ती धामण. धामणीला विषच नाही. साबणाचा अंश राहिलेल्या नळीत रक्त गोठत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. तिसऱ्या दिवशी एक बाई आली. तिला खरोखर घोणस चावली होती, आणि कपाटात बाटल्या नव्हत्या. तिला जिल्ह्याला पाठवावं लागलं. ती वाचली, पण मूत्रपिंडं बसली आणि कित्येक दिवस डायलिसिसवर काढावे लागले. तिच्या घरच्यांनी मला कधी दोष दिला नाही, कारण त्यांना नळीची गोष्ट कुणी सांगितलीच नव्हती. आज पहिल्यांदाच सांगतोय.

संशोधन म्हटलं की आपल्याला परदेश आठवतो, नाहीतर बंगळूर, नाहीतर पुणे. म्हणून हिंमतराव बावस्कर यांच्याविषयी जरा सविस्तर बोलतो. त्यांचं गाव जालना जिल्ह्यातलं देहेड. निजामाच्या काळात आपण आणि ते गाव एकाच राज्यातले. डॉक्टर झाल्यावर १९७६च्या सुमारास ते कोकणात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तिथे लाल विंचू. विंचू चावलेली धडधाकट पोरं रात्री येत, घामानं निथळत, आणि पहाटेपर्यंत फुप्फुसांत पाणी भरून जात. शंभरातले चाळीसच्या आसपास दगावत. बावस्करांनी काय केलं, तर रात्रभर रोग्याच्या बाजूला बसून नाडी, रक्तदाब, श्वास, घाम, हातपाय गार आहेत का, हे सगळं तासातासानं वहीत लिहिलं. हृदय कसं आणि कधी हार मानतं, हे त्या वहीतून दिसायला लागलं. १९८२ साली ‘लॅन्सेट’ या इंग्लंडच्या साप्ताहिकानं त्यांचं ते काम छापलं. मग त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं, स्वस्त औषध विंचूदंशावर वापरलं आणि मृत्यूचं प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आलं. पुढे विंचवाच्या विषावरचं इंजेक्शनही आलं. तेव्हा आपल्या औषधाच्या प्रेमात न राहता त्यांनी महाडमध्ये ७० रोग्यांवर तपासून पाहिलं की प्राझोसिन एकटं बरं की दोन्ही मिळून. दोन्ही मिळून दिलं तर माणूस लवकर बरा होतो, असं निघालं. ते ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०११ साली छापून आलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. बिरवाडीला तेव्हा काय होतं? आपल्या कुठल्याही दवाखान्यात असतं तेवढंच. वही होती.

आपलं औषध आपल्या मातीवर तपासलंच पाहिजे, हे मी का म्हणतोय, त्याचं एक उदाहरण तुमच्या दंडावरच आहे. बीसीजी युरोपात चांगली ठरली. आपल्याकडे १९६८ साली तमिळनाडूत चेंगलपट्टूला लाखो लोकांवर तिची तपासणी सुरू झाली. निघालं असं, की मोठ्या माणसाला होणारा फुप्फुसाचा क्षय तिनं थांबत नाही. लहान मुलांना क्षयामुळे होणाऱ्या मेंदूच्या भयंकर आजारापासून मात्र ती वाचवते, म्हणून बाळांना ती टोचायलाच हवी. माझं ऐकून नातवाची लस चुकवलीत तर मी तुमच्या दारात येऊन बसेन. मुद्दा एवढाच, की काल्मेतच्या दोन्ही औषधांचं खरं रूप आपल्या भूमीवर आल्यावर उघडं पडलं.

काल्मेतची जुनी चूक आजही पुरती सुधारलेली नाही, नुसती लहान झालीय. आपल्या बाटल्यांसाठी लागणारं बरंचसं विष चेन्नईजवळ वडनेम्मेलीला गोळा होतं. इरुळ नावाच्या आदिवासींची सहकारी संस्था आहे, १९७८ सालची. साप धरायचा, विष काढायचं, पुन्हा रानात सोडायचा. मोठं कसबी काम, आणि त्यातल्या मासी सडैयन आणि वडिवेल गोपाल या दोघांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या कामात खोट नाही. पण ते साप तमिळनाडूच्या त्या टापूतले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत कार्तिक सुनागर यांच्या गटानं देशातल्या वेगवेगळ्या भागांतल्या घोणशींचं विष तपासलं, तर ते प्रांताप्रांतानं बदलतं आणि बाजारातलं औषध काही ठिकाणच्या विषावर कमी पडतं, असं दिसलं. म्हणजे खोक्यावरचा तो ०.६ सगळीकडे ०.६ नाही. व्हिएतनामनं वेगळी वाट धरली. येरसॅंच्याच न्या त्रांग गावात त्यांची सरकारी संस्था नागासाठी वेगळं आणि तिथल्या हिरव्या सापासाठी वेगळं औषध करते, आणि मेकाँगच्या भागात सैन्यानं चालवलेल्या सर्पालयात दंश झालेल्यांवर उपचारही होतात. एका सापाला एक औषध, तर साप कोणता हे ओळखावं लागतं. चौघांना मिळून एक औषध, तर ओळखायची गरज नाही, पण प्रत्येकाचा वाटा थोडा. कुठलं बरं, यावर मी निकाल देणार नाही. आपल्या भागातल्या परडाचं विष कुणी तपासून बघावं, असं मात्र मला फार वाटतं.

तपासायला आधी मोजावं लागतं. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली छापून आला. हे आकडे दवाखान्यांच्या दप्तरातून आले नाहीत. घरोघर जाऊन ‘तुमच्याकडे कोण वारलं, कसं वारलं’ असं विचारून काढले. निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले, म्हणजे आपल्या पेरणीपासून राशीपर्यंतचे. दप्तरात ते का नव्हते? कारण बरीच माणसं दवाखान्यात आलीच नाहीत. मांत्रिकाकडे गेली, वाटेत गेली, बाजेऐवजी जमिनीवर झोपली आणि मण्यारीनं चावल्याचं कळलंही नाही. सकाळी पोट दुखतं म्हणाली, पापण्या मिटायला लागल्या, आणि घरच्यांनी लिंबू कापला.

कर्नाटक सरकारनं फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्पदंश हा नोंद करणं बंधनकारक असलेला आजार ठरवला. महिनाभरात केंद्रानंही राष्ट्रीय आराखडा आणला: २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे. कागद चांगले आहेत. पण नोंद करायची कुणी? आपण केली नाही तर बंगळूरला कळणार कुठून, की संतपूरच्या शिवारात किती दंश झाले.

नोंदीचंच सांगायचं तर, ज्यांच्या नावानं आज आपण जमलोय त्या गुरुजींनी शाळेच्या आवारात पावसाचं माप बसवलं होतं. रोज सकाळी चष्मा पुसत ते आकडा लिहायचे, सुट्टीतसुद्धा. आम्ही पोरं हसायचो, पाऊस पडला हे अंगणात दिसत नाही का? त्यांच्या वह्या कुठे आहेत, मला माहीत नाही. घरच्या मंडळींनी शोधून पाहाव्यात.

आणि तुम्हाला दोन कामं. कुणाला साप चावला तर बांधू नका, कापू नका, तोंडानं चोखू नका. अंगठी, जोडवी, पैंजण, घड्याळ काढा, हाडाला फळी बांधतो तसा पाय न हलवता ठेवा आणि थेट दवाखान्यात न्या. तिथे केसपेपरवर ‘सर्पदंश’ असं लिहून घ्या, ताप किंवा चक्कर नव्हे. दुसरं काम उद्या सकाळचं. आपल्या जवळच्या दवाखान्यात जा आणि एवढंच विचारा: कोरी, कोरडी, साबण न लागलेली काचेची नळी आहे का? नसेल तर पंचायतीतून डझनभर नळ्या घेऊन द्या. मी माझ्याकडून पहिली डझन आज संयोजकांकडे दिली आहे, मागच्या टेबलावर आहे.